नाशिकच्या हिवाळ्यात ग्लुलॅम तुळया: वर्कशॉपमधल्या नोंदी

काम: ट्रॅक्टर आणि अवजारांच्या शेडसाठी चार ग्लुलॅम तुळया, म्हणजे फळ्यांचे थर एकावर एक ग्लूने चिकटवून केलेल्या. प्रत्येक ६ मीटर लांब, ११० मिमी रुंद, २८८ मिमी उंच, म्हणजे ३२ मिमीचे नऊ थर. दोन आधारांमधलं अंतर ५.६ मीटर. माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घेतलं आहे. कारखान्यातली प्रेस नाही, फिंगर जॉइंटचं (टोकांना बोटांसारखे दाते पाडून फळ्या लांबीला जोडायचं) मशीन नाही. १२ इंची थिकनेस प्लॅनर (लाकूड ठरावीक जाडीला रंधणारं मशीन) आणि सुतारकामाची नेहमीची हत्यारं आहेत.

उंची २८८ का, तर १२ इंच म्हणजे ३०५ मिमी. तयार तुळई आडवी टाकून याच प्लॅनरमधून काढायची आहे. आणखी एक थर वाढवला तर ती मशीनमध्ये शिरणार नाही. आपल्याकडचं मशीन बघूनच तुळईचं माप ठरवा.

१२ नोव्हेंबर २०२४

गांधीधामहून न्यूझीलंड पाइन आलं. १२५ × ३८ मिमी, १२ फुटी फळ्या, ७२ घनफूट, ११७ नग. दर घनफुटाला ६२० रुपये, गाडीभाडं वेगळं. तिकडचा बराचसा पाइन पॅकिंगच्या पेट्यांसाठी कापला जातो. त्यामुळे एकाच गठ्ठ्यात ओंडक्याच्या बाहेरची घट्ट फळी आणि गाभ्याजवळची भुसभुशीत फळी शेजारी शेजारी मिळते. बिलावर ‘भट्टीत वाळवलेलं’ असं छापलेलं आहे. ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया फळीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत ठोकल्या तर आकडा १९ ते २४ टक्के. वरवर टेकवलेला मीटर १४ दाखवत होता. वखारीत उभं राहून सुया ठोकल्याशिवाय पैसे देऊ नका.

पत्र्याखाली थप्पी लावली. प्रत्येक थरात २० मिमीच्या पट्ट्या ५०० मिमीवर, एकाखाली एक ओळंब्यात. वर सिमेंटचे ब्लॉक.

१८ ते २८ नोव्हेंबर

दाबाचा साचा. बाजारातला सी क्लॅम्प या कामाला अजिबात पुरत नाही, हे आकड्यांवरून कळतं. पाइनसाठी सांध्यावर साधारण ०.७ मेगापास्कल दाब हवा. कच्ची रुंदी १२० मिमी, म्हणजे तुळईच्या दर मीटरला ८४ किलोन्यूटन. ३०० मिमीवर एक ठाणं (आवळायची जागा) धरलं तर ठाण्यामागे २५ किलोन्यूटन, अडीच टन.

म्हणून ७५ मिमीच्या चॅनेलचे तुकडे वर-खाली आणि दोन्ही बाजूंना २० मिमीचे थ्रेडेड रॉड. कच्च्या लांबीसाठी, ६.२ मीटरला, २१ ठाणी आणि ७०० मिमीचे ४२ रॉड. एका रॉडवर १२.६ किलोन्यूटन येतात. कोरड्या आट्याला टॉर्क पाना ५० न्यूटन-मीटरवर लागतो. पण अर्धे रॉड गंजलेले निघाले, आणि गंजलेल्या आट्यात बराचसा जोर घर्षणातच जातो. पाना ‘टक’ वाजतो, लाकडावर मात्र दाब आलेला नसतो. सगळे आटे तारेच्या ब्रशने घासून आटे आणि वॉशर ग्रीसमध्ये घातले. ग्रीस लावल्यावर तोच पाना ४० वर ठेवायचा, नाहीतर दाब जास्त होतो.

तुळई ज्यावर बसते तो साच्याचा खालचा पाट दोरी आणि पाणसळीने सरळ केला. याला दोन दिवस लागले. ते वाया गेले असं वाटू देऊ नका, कारण पाटाचा बाक जशाचा तसा तुळईत उतरतो.

११ डिसेंबर

ओलावा ११ ते १४ टक्क्यांवर आला. मीटरवर विश्वास ठेवण्याआधी फळीच्या मधून एक तुकडा कापून ओव्हनमध्ये १०३ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला. आधी ५८.४ ग्रॅम, नंतर ५१.६. फरक ६.८, भागिले कोरडं वजन: १३.२ टक्के. मीटर त्याच फळीला १५ म्हणत होता, कारण तो सागाच्या खुणेवर ठेवलेला होता.

तुळईच्या शेजारच्या दोन थरांत ओलाव्याचा फरक चार टक्क्यांपेक्षा जास्त नको. एक थर १० चा आणि वरचा १६ चा असेल तर ग्लू कितीही चांगला असो, ओला थर पुढे आकसतो आणि सांध्याजवळ चिरतो. फळ्यांवर खडूने आकडे लिहिले आणि जवळचे आकडे एकत्र लावले.

१३ डिसेंबर

निवड. नुसत्या डोळ्यांनी नाही, वजन टांगून. फळी आडवी, दोन टेकूंमध्ये ३ मीटर, मध्ये २० किलोचं वजन, किती वाकते ते मोजायचं. वजन ठेवण्याआधीचं माप शून्य. १२० × ३६ मिमीच्या फळीचा हिशोब सोपा आहे: २३६,३०० ला वाकलेल्या मिलीमीटरांनी भागा, ताठपणा मेगापास्कलमध्ये येतो.

२४ मिमीपेक्षा कमी वाकली तर वरच्या-खालच्या दोन-दोन थरांत. २४ ते ३४ वाकली तर मधल्या पाचांत. ३४ च्या पुढे गेली तर बाद. १७ फळ्या बाद झाल्या, आणि त्यातल्या बहुतेकांच्या टोकाला गाभ्याचा ठिपका होता. काही दिसायला सगळ्यात स्वच्छ होत्या, एकही गाठ नाही. उलट गाठी असलेल्या कितीतरी फळ्या पहिल्या ढिगात गेल्या. पाइनमध्ये गाभ्याजवळच्या पहिल्या काही वर्षांचं लाकूड हलकं आणि लवचिक असतं, ते रंगावरून ओळखू येत नाही.

बाहेरच्या थरांना गाठीचा वेगळा नियम: २० मिमीहून मोठी नको, आणि फळीच्या कडेवर तर कुठलीच नको. तुळईत वाकण्याचा ताण वरच्या आणि खालच्या कडेला सर्वांत जास्त, मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणून चांगलं लाकूड बाहेर ठेवायचं आणि साधं लाकूड पोटात भरायचं. ग्लुलॅममध्ये पैसे वाचतात ते इथेच.

१६ ते १९ डिसेंबर

लांबीचे सांधे. १२ फुटी फळीपासून ६.२ मीटरचा थर करायचा तर जोड हवाच. फर्निचरच्या बोर्डांना फिंगर जॉइंट मारून देणाऱ्या दुकानातून नमुना करून आणला: बोटं जेमतेम १० मिमी आणि ग्लू पांढरा. पातेल्यात उकळल्यावर अर्ध्या तासात हाताने सुटला. तो प्रकार टेबलटॉपसाठी ठीक आहे, ताण घेणाऱ्या थराला नाही.

म्हणून जुना तिरका सांधा, उतार १ ला १०. ३६ मिमीच्या फळीला ३६० मिमी लांब तोंड. राउटरखाली उताराचा घोडा (राउटरला तिरकं चालवणारा आधार) केला, प्रत्येक तोंड त्यावरच कापलं. यात तीन गोष्टी बिघडल्या.

एक, तिरक्या तोंडाचं टोक कागदासारखं पातळ होतं आणि राउटर ते फाडतो. टोकाखाली टाकाऊ फळी पक्की बसवली, तेव्हा फाडणं थांबलं.

दोन, दाब दिला की दोन तोंडं एकमेकांवरून घसरतात. पृष्ठभाग उताराचा, मध्ये ग्लूचं वंगण, मग घसरणारच. सांधा लावल्यावर बाजूच्या जादा रुंदीत बिनडोक्याचा खिळा आरपार ठोकला. ती रुंदी शेवटी रंधली जाते, पण खिळा त्याआधी आठवणीने काढा, नाहीतर प्लॅनरचं पातं जाईल.

तीन, तिरक्या तोंडाचे तंतू उघडे असल्याने ग्लू आत शोषला जातो आणि सांधा कोरडा राहतो. पहिला हात लावून पाच-सात मिनिटं थांबलो, मग दुसरा हात.

शेजारशेजारच्या थरांतले सांधे एकमेकांपासून किमान ६०० मिमी लांब ठेवले. सर्वांत खालच्या थराचा सांधा मधल्या तिसऱ्या भागात येऊ दिला नाही. त्यासाठी तिथे दोनऐवजी तीन तुकडे जोडावे लागले.

२१ डिसेंबर

ग्लू: पीआरएफ, म्हणजे फिनॉल-रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड. १०० भाग रेझिनला २० भाग पावडर हार्डनर, वजनाने. डोळ्यांच्या अंदाजाने कधीही नाही. हार्डनरमध्ये पॅराफॉर्मल्डिहाइड असतं, गोणी उघडताना डोळे चुरचुरतात. चष्मा, हातमोजे आणि उघडी दारं हवीतच. वायमारच्या ओट्टो हेट्झरने १९०६ साली वाकवलेल्या थरांच्या तुळईचं पेटंट घेतलं तेव्हा ग्लू दुधातल्या केसिनचा होता. तो दमटपणात टिकत नाही, म्हणून त्या तुळया मुख्यतः कोरड्या, झाकलेल्या जागीच वापरल्या गेल्या. आपली शेड बाजूंनी उघडी आहे, म्हणून पीआरएफ. ग्लूच्या रेघा काळपट तपकिरी दिसतात. ते चालत नसेल तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन ग्लूकडे वळा.

नमुन्याचे ठोकळे चिकटवले. सगळे चांगले, फक्त एका फळीवर ग्लू लावताच दही झाला. ती फळी वखारीत बुरशी येऊ नये म्हणून बोरॅक्सच्या पाण्यात बुडवलेली होती. बोरॅक्ससारखा बोरॉनचा क्षार लागला की फिनॉलचं रेझिन वेळेआधीच गोठतं. तशा फळ्या वेगळ्या काढल्या. वाळवीसाठी बोरॉन द्यायचं असेल तर तुळई चिकटून रंधून झाल्यावर द्या.

२३ डिसेंबर: पहिली तुळई

सकाळी सगळे थर ३२ मिमीला रंधले. रंधलेला पृष्ठभाग त्याच दिवशी वापरायचा. शिळा पृष्ठभाग दिसायला तसाच असतो, पण ग्लू घेत नाही. तपासायला पाण्याचा थेंब टाका. मिनिटाभरात पसरून मुरला तर ठीक. मण्यासारखा उभा राहिला तर पातं बोथट आहे, लाकूड कापलं जात नसून घासलं जातंय.

तीन किलो ग्लू एकदम कालवला. आठ सांधे, जवळजवळ सहा चौरस मीटर, चौरस मीटरला ४०० ग्रॅम. दुपारची वेळ, पत्र्याखाली ३१ अंश. दोन माणसं रोलरने लावत होती. शेवटचा थर ठेवून सगळे नट आवळेपर्यंत ५५ मिनिटं गेली. बादलीतला ग्लू शेवटी तारा धरू लागला होता. कडेने ग्लूचे मणी बाहेर यायला हवेत, ते खालच्या चार सांध्यांत आलेच नाहीत.

२६ डिसेंबर

तुळई दिसायला उत्तम. टोकाकडून ७५ मिमीची चकती कापून पटाशी मारली. वरच्या सांध्यांत लाकूड फाटलं, ग्लू टिकला. असंच व्हायला हवं. खालचे सांधे मात्र ग्लूच्या रेघेतच स्वच्छ उघडले, पृष्ठभागावर चकचकीत साय. म्हणजे दाब येण्याआधीच ग्लूवर साय धरली होती. आधी लावलेले थर सर्वांत जास्त वेळ वाट बघतात, म्हणून बिघाड खाली.

दुसरा दोष सर्वांत वरच्या सांध्यात. दोन ठाण्यांच्या मधोमध ०.१ मिमीची फीलर पट्टी (फट तपासायची पातळ पत्री) आत जात होती, चॅनेलच्या खाली जात नव्हती. दाब लाकडात साधारण ४५ अंशांनी पसरतो. वरची दाबपट्टी (चॅनेल आणि तुळई यांच्या मधली) ५० मिमी जाडीची, तिच्याखाली ३२ चा थर. एवढ्या खोलीत दोन ठाण्यांचा दाब एकमेकांना भिडत नव्हता. दाबपट्ट्या ७५ मिमीच्या केल्या.

ही तुळई बाद. १४ घनफूट लाकूड, तीन किलो ग्लू आणि जवळजवळ आठवडा गेला. तिचे तुकडे पुढे टेकू म्हणून कामी आले, एवढंच.

३० डिसेंबर: दुसरी तुळई

बदल असे. काम सकाळी साडेआठला, १९ अंशांवर. रेझिनचा डबा थंड पाण्याच्या घमेल्यात. तीन किलोऐवजी दीड-दीड किलोचे दोन घाणे, दुसरा पहिला अर्धा संपल्यावर. माणसं चार. रोलरऐवजी दातेरी पट्टी, कारण तिने जाडी आपोआप सारखी राहते. थर आधीच क्रमाने कडेवर उभे, प्रत्येकावर नंबर आणि वरच्या बाजूचा बाण. २४ मिनिटांत दाब.

बाणाचं कारण: सगळ्या थरांची गाभ्याकडची बाजू एकाच दिशेला हवी. एक थर उलटा लागला तर वाळताना शेजारच्या दोन फळ्या विरुद्ध दिशांना वाटीसारख्या वळू बघतात आणि सांध्याची कड उघडते.

नट मधल्या ठाण्यापासून बाहेरच्या बाजूंना आवळले, आधी २० वर, मग ४० वर. पंधरा मिनिटांनी पुन्हा फिरलो, तर प्रत्येक नट थोडाफार सैल झाला होता. ग्लू बाहेर जातो, लाकूड दबतं, दाब उतरतो. ही दुसरी फेरी चुकवली तर पहिली व्यर्थ. दाबपट्टी आणि तुळई यांच्यात प्लॅस्टिकचा कागद हवा, नाहीतर दाबपट्टी हा दहावा थर होतो.

पाटाच्या मध्यावर १५ मिमीच्या पाचरी देऊन तुळईला वर बाक दिला. दाब काढल्यावर १३ मिमी उरला. छताचं वजन आल्यावर डोळ्याला झोल दिसू नये म्हणून.

बाहेर आलेला ग्लू तीन-चार तासांत, चामड्यासारखा असताना, पत्र्याने खरवडला. दुसऱ्या दिवशी तो काचेसारखा होतो आणि प्लॅनरची पाती खातो.

७ जानेवारी २०२५: तिसरी तुळई

रात्री पारा ९ अंशांवर. सकाळी बाहेर आलेल्या ग्लूवर नख उमटत होतं. सांध्याचं तापमान ११ अंश. पीआरएफला पक्कं व्हायला निदान २० अंश लागतात, त्याखाली तो नुसता बसून राहतो. उन्हाळ्यात जी घाई होते तिच्या नेमकी उलटी अडचण. शिकंजे काढले नाहीत. तुळईभोवती ताडपत्रीचा बोगदा केला, आत एक किलोवॉटचे दोन हीटर, लाकडापासून दूर. आत ३० अंश झाले, पण हवा फार कोरडी होऊन टोकं चिरायला लागली. ओली गोणपाटं टांगली तेव्हा थांबलं. आणखी २४ तास दाब ठेवला. चकती उकळून पाहिली: चार तास उकळत्या पाण्यात, एक तास थंडात, मग वाळवून. एकही सांधा उघडला नाही. ही आपली घरगुती चाचणी. भारतीय मानकांत अशा ग्लूसाठी आयएस ९१८८ आहे, आणि विकायचा माल असेल तर प्रयोगशाळेला पर्याय नाही.

चौथी आणि पाचवी तुळई याच पद्धतीने. त्यांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

२० जानेवारी

रंधकाम. एका तुळईचं वजन ९० किलोच्या आसपास, त्यात कोरडा ग्लू सुमारे दीड-दोन टक्के, बाकी सगळं लाकूड. प्लॅनरच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर रोलर लागले. आधी एक बाजू हातरंध्याने सपाट केली, मग तीच खाली ठेवून मशीनमध्ये. सुरुवातीच्या आणि शेवटच्या १०० मिमीत मशीन खोल खातं, त्यासाठीच लांबी ६.२ मीटर धरली होती. ती टोकं कापून टाकली. कडा ५ मिमी मोडल्या.

२५ जानेवारी

भाराची चाचणी. ५.६ मीटरवर टेकवून मध्यावर पाण्याचे चार पिंप, एकूण ८०० किलो. खाली आडवे ओंडके ठेवलेले, तुटली तर अडावी म्हणून. चारही तुळया १३ ते १५ मिमी वाकल्या. १४ मिमी म्हणजे ताठपणा ९,३०० च्या पुढे, निवडीच्या दिवशीच्या आकड्यांशी जुळणारा. वजन काढल्यावर अर्ध्या मिलीमीटरच्या आत परत. खालच्या कडेवर ताण सुमारे ७.२ मेगापास्कल होता.

५ फेब्रुवारी

चढवल्या. फॅब्रिकेटरचा आग्रह होता की टोकाला खालून ४० मिमीची खाच मारली तर खांबावर छान बसेल. नाही. आधाराजवळ खालून मारलेल्या खाचेच्या कोपऱ्यातून चीर आडवी पळते, आणि नऊ थरांचा काही उपयोग राहत नाही. त्याऐवजी लोखंडी बूट, म्हणजे तुळईचं टोक आत बसेल असा खांबावरचा कप्पा. बुटात बाजूंना आणि टोकाला १२ मिमी मोकळी जागा, तळाला पाणी जायला भोक, बोल्टची भोकं लांबट. टोकांना ऑइलपेंटचे दोन हात, वर बोरॉन आणि लाकडाचं तेल.

खर्च: लाकूड ४४,६४०, गाडी ११,०००, ग्लू २० किलो १२,८००, मजुरी २६,०००, पाती, वीज आणि किरकोळ ४,५००. एकूण ९८,९४०, त्यात बाद झालेली तुळई धरलेली आहे. साचा ३१,०००, तो वेगळा, कारण तो पुन्हा वापरता येईल. हाती आलेलं लाकूड २६.८ घनफूट, म्हणजे आणलेल्याच्या ३७ टक्के. पहिली तुळई बाद झाली नसती तरी ४७ च्या पुढे गेलं नसतं. गाठी, तिरके सांधे, रंधा आणि बाद फळ्या एवढं खातातच. लाकूड मागवताना दुप्पट धरा.

१९ जुलै २०२५

पावसाळी तपासणी. ओलावा १६ ते १७ टक्के. सांधे बंद, फीलर कुठेही जात नाही. मध्यावरचा बाक १३ वरून ८ मिमी. पश्चिमेच्या तुळईच्या बाहेरच्या टोकाला वरून तिसऱ्या थरात १.५ मिमी रुंद चीर, लाकडात, सांध्यात नाही. त्या टोकाला ऑइलपेंटचा एकच हात बसला होता. पाऊस उघडल्यावर वाळवून रंग द्यायचा आहे. बुटाच्या तळाच्या एका भोकात कुंभारमाशीने माती भरली होती, ती काढली.